आज सेसना, पुढच्या शनिवारी पाइपर: विमान बदलत राहिलं तर हात कसा राखायचा?

पतंगदोरी

क्लबात दोन-तीन विमानं असली की जे मोकळं असेल ते घ्यावं लागतं. धाग्यापुरतं उदाहरण धरू: एक सेसना १७२एस, एक पाइपर आर्चर (पीए-२८-१८१) आणि एक जुनं १७२एन. तिन्ही एकइंजिनी, चार आसनांची, न मिटणाऱ्या चाकांची. कागदावर तिन्ही एकाच वर्गातली. म्हणजे ९० दिवसांत कुठल्याही एकावर तीन टेकऑफ-लँडिंग झाली की उरलेल्या दोहोंतही प्रवासी बसवायला नियमाची आडकाठी नाही.

पण हात तेवढ्यावर राहतो का? महिन्याला तीन-चार तासच उडवणाऱ्याने नेमकं कशाकडे लक्ष द्यायचं? प्रत्येक विमानाचं सगळं घोकायचं, की फक्त फरक लक्षात ठेवायचे? आणि दोन महिने न शिवलेल्या विमानाकडे परतताना पहिल्या तासात काय करायचं? "इन्स्ट्रक्टरला घेऊन जा" हे मान्यच आहे, त्यामुळे त्यापुढचं लिहा.

नियमपुस्तक

आधी नियम मांडतो, म्हणजे त्याची भोकं कुठे आहेत ते दिसेल.

अमेरिकेच्या एफएएचा (तिथली विमानवाहतूक नियामक संस्था) नियम ६१.५७ म्हणतो: प्रवासी न्यायचे तर मागच्या ९० दिवसांत त्याच कॅटेगरी आणि क्लासमध्ये तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग. 'टाइप' जुळायला हवा तो फक्त टाइप रेटिंग लागणाऱ्या विमानांना. त्यामुळे १७२ वरच्या तीन लँडिंगांवर बोनान्झातही (मिटणाऱ्या चाकांचं, जास्त ताकदीचं विमान) प्रवासी बसवता येतात, त्या विमानासाठी लागणारी एंडॉर्समेंट (इन्स्ट्रक्टरची लेखी नोंद) तेवढी आधी झालेली हवी. टेलव्हील (शेपटीखाली चाक असलेल्या) विमानासाठी तिन्ही लँडिंग टेलव्हीलवरच आणि पूर्ण थांबून. रात्री प्रवासी न्यायचे तर सूर्यास्तानंतर एक तास ते सूर्योदयाआधी एक तास या वेळात, पुन्हा पूर्ण थांबूनच. शिवाय ६१.५६ चा फ्लाइट रिव्ह्यू दर २४ कॅलेंडर महिन्यांनी: किमान एक तास जमिनीवर, एक तास हवेत. तो कुठल्या विमानात द्यायचा याचं बंधन नाही, लायसन्सवर असलेलं कुठलंही चालतं.

युरोपात तिथल्या नियामकाचं, म्हणजे ईएएसएचं, एफसीएल.०६० जवळपास तेच सांगतं: ९० दिवस, तीन टेकऑफ, ॲप्रोच आणि लँडिंग, त्याच टाइप किंवा क्लासमध्ये. एकइंजिनी पिस्टन क्लासचं रेटिंग २४ महिन्यांचं. शेवटच्या १२ महिन्यांत १२ तास, त्यात ६ तास पायलट-इन-कमांड, १२ टेकऑफ-लँडिंग आणि इन्स्ट्रक्टरसोबत किमान तासभर उजळणी. क्लासच्या आत फरकाचं प्रशिक्षण वेगळं मोजतात: बदलत्या पिचचा प्रॉप (पात्यांचा कोन बदलता येणारा पंखा), मिटणारी चाकं, टर्बो, प्रेशराइज्ड केबिन, टेलव्हील, काचेचं पॅनेल (काट्यांऐवजी पडदे) आणि एकच पॉवर लिव्हर. दुसऱ्या काही क्लासांत दोन वर्षं ते व्हेरियंट उडवलं नाही तर प्रशिक्षण पुन्हा घ्यावं लागतं. एकइंजिनी पिस्टनला मात्र त्यातून सूट आहे. आठ वर्षांपूर्वी मिटत्या चाकांचं प्रशिक्षण घेतलेला माणूस आजही कागदोपत्री त्या विमानाला लायक.

म्हणजे नियम क्लास बघतो, हात मात्र लिव्हर कुठे आहे ते बघतो. विमा कंपन्या आणि क्लब म्हणूनच 'या विमानावर ३०/६० दिवसांत' अशी अट वरून घालतात. माझ्या मते विमानागणिक घड्याळ चालवणारी तीच एक अट आहे.

ट्रिमचाक

१७२एस आणि आर्चर ही जोडी बघायला सोपी वाटते, पण चुकायला दोन्ही बाजूंनी जागा आहे. सर्वांत आधी फ्लॅपचे (उतरताना पंखामागून खाली सोडायच्या झडपांचे) वेग.

१७२एसमध्ये पहिले १०° फ्लॅप ११० नॉटला सोडता येतात. त्यापुढचे मात्र ८५ च्या आतच. आर्चरमध्ये कुठलाही फ्लॅप १०२ च्या वर नाही, पण १०२ च्या आत आलात की तिन्ही खाचा खुल्या. आता सवयीची अदलाबदल करून बघा. आर्चरला सरावलेला माणूस सेसनात ९५ नॉटवर २०° किंवा ३०° सोडतो: मर्यादा ओलांडली. सेसनाला सरावलेला माणूस आर्चरमध्ये १०८ वर पहिली खाच ओढतो: तीही ओलांडली. दोघांनाही आपण शहाण्यासारखं वागतोय असंच वाटतं. उपाय साधा: जे विमान हातात असेल त्यात वेगाच्या काट्यावरच्या पांढऱ्या पट्टीच्या वरच्या टोकाकडे बोट दाखवून आकडा मोठ्याने म्हणायचा आणि मगच हात फ्लॅपकडे न्यायचा. १७२ मध्ये पांढरी पट्टी ८५ ला संपते. ११० ची सवलत पट्टीवर नाही, फलकावर आहे.

दुसरं, इंधन. १७२ चे पंख वर, टाक्या वर. इंधन वजनाने खाली येतं आणि निवडीच्या कळीला 'दोन्ही' अशी जागा आहे, टेकऑफ-लँडिंग त्याच जागेवर. आर्चरमध्ये टाक्या इंजिनाच्या खाली, इंधन पंपाने वर ओढावं लागतं. कळ फक्त डावी, उजवी आणि बंद. म्हणून विजेचा पंप टेकऑफला, लँडिंगला आणि टाकी बदलताना चालू ठेवायचा. इंजिनावरचा पंप गेला तर तोच आधार. टाकी दर अर्ध्या तासाने बदलायची. नुसतं घड्याळ बघून लक्षात राहत नाही, त्यामुळे टायमर लावा. मिनिटकाटा घड्याळाच्या उजव्या अर्ध्यात असेल तर उजवी टाकी, डाव्या अर्ध्यात असेल तर डावी, हीही जुनी आणि चांगली युक्ती.

दोन टाक्यांत मिळून वापरता येणारं इंधन आर्चरमध्ये ४८ गॅलन, १७२एसमध्ये ५३. आर्चरमध्ये ४८ म्हणजे 'एका टाकीत २४', हे डोक्यात वेगळं ठेवावं लागतं. एक टाकी संपून इंजिन गप्प झालं आणि दुसरी अर्धी भरलेली, या गफलतीला आर्चरमध्ये वाव आहे. 'दोन्ही'वर ठेवलेल्या १७२ मध्ये ती होत नाही.

तिसरं, दार. आर्चरला एकच दार, तेही उजवीकडे पंखावर, आणि त्याला दोन खिट्या: बाजूची आणि वरची. वरची विसरली की टेकऑफनंतर दार दोन बोटं उघडतं, वारा घोंघावतो. विमान व्यवस्थित उडत असतं. घात होतो तो पायलट दाराशी झटापट करायला लागतो तेव्हा. आणि प्रवाशाला सांगायचं ते उलटं: १७२ मध्ये "तुमच्या बाजूच्या दाराने उतरा", आर्चरमध्ये "आधी तुम्ही बाहेर, मग मी".

हवाबाण

पण वेग तर जवळपासच आहेत की. फायनलवर (उतरण्याआधीच्या शेवटच्या सरळ टप्प्यात) ६५ धरलं तर दोन्हींत चालतं. मग एवढे आकडे पाठ कशाला?

ट्रिमचाक

फायनलपुरतं बरोबर. १७२एस पूर्ण फ्लॅपने ६० ते ७०, आखूड धावपट्टीला ६१. आर्चर पूर्ण फ्लॅपने ६६. पण इंजिन बंद पडलं की ६८ विरुद्ध ७६. सेसनाच्या सवयीने आर्चर ६८ वर धरलं तर पल्ला कमी होतो, आणि नेमकं तेव्हाच शेत थोडक्यात हुकतं. उलट आर्चरच्या सवयीने १७२एस फायनलवर ७६ ने आणलं तर तरंगत राहतं. उतरण्याचं अंतर ढोबळमानाने वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं: १० टक्के जास्त वेग म्हणजे २१ टक्के जास्त अंतर. पुस्तिकेतले हे आकडे पूर्ण वजनाचे आहेत, दोघंच बसला असाल तर ६६ सुद्धा जास्तच.

प्रत्येक विमानाचे पाचच आकडे पुरे: रोटेट (धावपट्टीवर नाक उचलायचा वेग), चढण्याचा उत्तम वेग, ग्लाइड, पूर्ण फ्लॅपची मर्यादा, फायनल. आडवे लिहा, शेजारी दुसऱ्या विमानाचे. जिथे फरक ५ नॉटपेक्षा जास्त तिथे लाल खूण. १७२एस-आर्चर जोडीत लाल खूण ग्लाइडला आणि फ्लॅपला येते. चढण्याच्या वेगाला, म्हणजे ७४ आणि ७६ ला, येत नाही. लाल खुणा घोका, बाकीचं डोळ्याखालून घाला.

कार्बहीट

लोक १७२एस ते १७२एन हा बदल 'एकच विमान' म्हणून सोडून देतात. मला तो आर्चरपेक्षा जास्त फसवा वाटतो, कारण केबिनमध्ये बसल्यावर सगळं ओळखीचं दिसतं.

एनमध्ये कार्बुरेटर आहे, एसमध्ये इंजेक्शन. सहा महिने एस उडवलेल्या हाताला कार्ब हीटची (कार्बुरेटरला गरम हवा देऊन बर्फ टाळणारी) कळ आठवत नाही. पॉवर हिरव्या पट्ट्याखाली आणण्याआधी कार्ब हीट पूर्ण ओढायची, अर्धवट नाही. बर्फ फक्त थंडीत धरतो असं नाही. दमट हवेत २० ते २५ अंशांतही धरतो, कारण इंधन बाष्प होताना आणि व्हेंचुरीत दाब पडताना तापमान खूप खाली जातं. ओढल्यावर इंजिन खडखडलं तर घाबरून परत ढकलू नका. वितळलेलं पाणी इंजिनात जातंय, त्याला थोडा वेळ द्या. आणि गो-अराउंडला (न उतरता पुन्हा वर जाताना) कळ आत, नाहीतर पॉवर कमी मिळते.

एनचे फ्लॅप ४०° पर्यंत जातात, एसचे ३०° पर्यंत (१९८१ च्या १७२पीपासून सेसनाने ३०° वर थांबवलं). ४०° वर चढायची आशा नको. पूर्ण थ्रॉटल आणि त्याच दमात फ्लॅप २०° वर. एसमध्येही क्रम तोच: पूर्ण थ्रॉटल, लगेच २०°, ६० नॉट, अडथळे पार होईपर्यंत १०°, मग ६५ च्या पुढे शून्य. फायनलला ट्रिम नाक वर धरून लावलेला असतो, पूर्ण पॉवर दिली की नाक जोरात उठतं. दोन्ही हातांनी दाबावं लागलं तर दाबा, मग ट्रिम करा. शिवाय एनच्या पुस्तिकेत २०° च्या पुढच्या फ्लॅपबरोबर तीव्र स्लिप (विमान तिरकं धरून झपाट्याने उतरणं) टाळायला सांगितलंय.

सुरू करण्याची पद्धत तर पार वेगळी. गरम एस: मिक्स्चर (इंधन-हवेचं प्रमाण ठरवणारी कळ) बंद, थ्रॉटल पाव इंच, स्टार्टर, पकडलं की मिक्स्चर पुढे. जास्त इंधन गेलं असेल तर मिक्स्चर बंद, थ्रॉटल अर्धा ते पूर्ण, स्टार्टर, पकडताच मिक्स्चर पुढे आणि थ्रॉटल चटकन मागे. हा 'चटकन' विसरला की ब्रेकवर उभं विमान गर्जायला लागतं. एनमध्ये प्रायमर (सुरू करण्याआधी इंजिनात इंधन ढकलणारा हातपंप) आहे. वापरल्यावर आत ढकलून फिरवून पक्का बंद करा, उघडा राहिला तर त्यातून इंधन ओढलं जातं आणि इंजिन खडबडीत चालतं. आणि थ्रॉटल पुन्हापुन्हा पंप करायची सवय एनमध्ये आगीला आमंत्रण: ॲक्सिलरेटर पंपाने फेकलेलं इंधन वर न जाता हवेच्या मार्गात साचतं.

मॅग तपासणीचे (दोन इग्निशन एकेक करून बघण्याचे) आकडेही वेगळे. एन: १७०० आरपीएम, घट १२५ च्या आत, दोहोंतला फरक ५०. एस: १८००, १५०, ५०. आर्चर: २०००, १७५, ५०.

पतंगदोरी

हे चेकलिस्टमध्ये असतंच ना? मग पाठ का?

कार्बहीट

चेकलिस्टमध्ये आहे, पण कार्ब हीट, फ्लॅप आणि पंप हे हात आपसूक करतो आणि मग माणूस चेकलिस्टवर नजर फिरवतो. डोळ्याला अपेक्षित तेच दिसतं. दुसऱ्या विमानात ओळ वगळली जाते ती अशी.

अवांतर: १७२एसमध्ये इंधनाचा नमुना घ्यायच्या जागा १३, प्रत्येक पंखाखाली पाच आणि पोटाखाली तीन. एनवरून आलेले लोक तीन ठिकाणी काढतात आणि निघतात. पाणी उरलेल्या दहातही असू शकतं.

तीनहिरवे

मिटणाऱ्या चाकांबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. चाकं न सोडता उतरणं ही फक्त नवशिक्यांची चूक नाही. न मिटणाऱ्या चाकांच्या विमानात सलग उडवून मग ॲरो (पाइपरचं मिटत्या चाकांचं विमान) किंवा बोनान्झात बसणाऱ्याचीही आहे. म्हणून इंधन, चाकं, मिक्स्चर, प्रॉप, पट्टे हा उच्चार आर्चर आणि १७२ मध्येही डाउनविंडला (धावपट्टीला समांतर, उलट दिशेने जाताना) आणि फायनलला करा. १७२ मध्ये 'चाकं' म्हणताना बाहेर चाकाकडे बघायचं, नुसतं तोंडाने म्हटलेलं उपयोगाचं नाही. ॲरोमध्ये तीन हिरवे दिवे. दिवसा दिवे दिसत नसतील तर पॅनेलच्या दिव्यांची कळ बघा. ती चालू असेल तर ॲरोमध्ये गिअरचे दिवे मंद होतात, आणि रात्रीनंतर ती चालूच राहून गेलेली असते.

वेग: ॲरो ३ मध्ये चाकं १२९ ला सोडता येतात, पण उचलायची १०७ च्या आत. सोडण्याचा आकडा लक्षात राहतो, उचलण्याचा विसरतो.

१९८४ पूर्वीच्या बहुतेक बोनान्झांत गिअरची कळ उजवीकडे आणि फ्लॅपची डावीकडे, म्हणजे इतर बहुतेक विमानांच्या उलट. धावपट्टीवर उतरल्यावर फ्लॅप उचलायला गेलेला हात चाकं उचलतो. वजन पडलं की कळ निकामी करणारा स्विच असतो, पण पंख अजून थोडं वजन पेलत असतील तर त्याच्यावर भिस्त नको. नियम एकच: धावपट्टी सोडून थांबेपर्यंत कुठल्याही कळीला हात नाही. हा नियम १७२ मध्येही पाळला तरच बोनान्झात आठवतो.

प्रॉप लिव्हर: पॉवर वाढवताना आधी आरपीएम, मग थ्रॉटल. कमी करताना उलट. फायनलला प्रॉप पुढे, म्हणजे गो-अराउंडला फक्त थ्रॉटल उरतो. आणि एफएएच्या शब्दांत 'कॉम्प्लेक्स' (मिटणारी चाकं, फ्लॅप, बदलत्या पिचचा प्रॉप) आणि 'हाय परफॉर्मन्स' वेगळे. २०० अश्वशक्तीचा ॲरो कॉम्प्लेक्स आहे पण हाय परफॉर्मन्स नाही, तिथे २०० च्या वर हवी. २३० अश्वशक्तीचा सेसना १८२ त्याच्या उलट.

नियमपुस्तक

१८२ निघालंच आहे तर: पुढे दोघं, मागे कुणी नाही, पूर्ण फ्लॅप, अशा वेळी ते नाकजड असतं. १७२ एवढंच ओढलं तर पुढचं चाक आधी टेकतं आणि त्याची किंमत फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधली भिंत) चुकवते. फ्लेअरच्या (टेकण्याआधी नाक उचलण्याच्या) आधी ट्रिम मागे घ्या, सामानाच्या जागेत वजन ठेवायचं असेल तर आधी हिशेब करा.

काचकाटा

काट्यांचं पॅनेल आणि जी१००० (पडद्यांचं पॅनेल) यांच्यात ये-जा करणाऱ्यांसाठी.

काट्याचा कोन डोळा न वाचता ओळखतो, फितीवरचा आकडा वाचावा लागतो. म्हणून जी१००० वर परतलेला माणूस ७१, ७०, ७२ असा आकड्यांच्या मागे धावतो आणि नाक हलवत राहतो. पॉवर आणि नाकाची जागा लावा, आकडा फक्त तपासा. फितीशेजारची जांभळी रेघ सहा सेकंदांनंतर वेग काय असेल ते सांगते, तिला आकड्यापेक्षा जास्त मान द्या. काचेवरून काट्यांवर येणाऱ्याची अडचण वेगळी: नकाशा नाही आणि डायरेक्शनल जायरो (दिशा दाखवणारं यंत्र) सरकतो. दर १५ मिनिटांनी होकायंत्राशी जुळवा, सरळ आणि समतल उडताना.

जमिनीवर सरावायच्या तीन गोष्टी: लाल कळ दाबून दोन्ही माहिती एका पडद्यावर आणणं, सीडीआयचा (मार्गापासून किती हललो ते दाखवणाऱ्या सुईचा) स्रोत जीपीएसवरून व्हीओआर/लोकलायझरवर (जमिनीवरच्या रेडिओ केंद्रांवर) नेणं आणि परत, आणि 'डायरेक्ट टू' (निवडलेल्या ठिकाणी सरळ मार्ग) सहा सेकंदांत. तिसरं जमलं नाही तर त्या जीपीएसशी अजून ओळख झालेली नाही, प्रवासी नेऊ नका. अल्टरनेटर गेला तर १७२एसच्या जी१००० ला राखीव बॅटरी साधारण ३० मिनिटं जगवते, जुन्या एनमध्ये अशी वेगळी बॅटरी नाही. पण एनचे दोन जायरो व्हॅक्यूमवर चालतात, विजेवर नाही. काय बंद पडलं की काय उरतं, हा तक्ता प्रत्येक विमानासाठी वेगळा.

हवाबाण

स्टॉलचा (पंखाची उचल सुटत असल्याचा इशारा देणारा) भोंगाही त्याच तक्त्यात घाला. १७२ चा भोंगा हवेच्या ओढीने वाजतो, मास्टर (विजेची मुख्य कळ) बंद असला तरी. आर्चरचा विजेवर आहे. मास्टर बंद केलात तर भोंगा गेला.

ट्रिमचाक

+१. आणि आर्चरचा स्टॉल स्वतःही फार बोलत नाही. १७२ मध्ये नाक पडतं, कळतं. आर्चर नाक किंचित डुलवत खाली बसत राहतं. ओढलेलं योक, जवळपास सपाट नाक आणि मिनिटाला हजाराच्या घरात उतरण, असं चित्र असतं. सेसनाच्या सवयीने 'नाक पडलं नाही म्हणजे स्टॉल नाही' असं धरू नका.

शेपूटचाक

टेलव्हील आणि हलकी विमानं यांना थोडी जागा द्या.

टेलव्हीलमध्ये वजनाचा मध्य मुख्य चाकांच्या मागे असतो, म्हणून जमिनीवर वळण सुरू झालं की ते स्वतःच वाढतं. ही सवय तीन आठवड्यांत बोथट होते, ९० दिवस फार झाले. शिवाय बहुतेक अमेरिकन इंजिनं कॉकपिटमधून बघता उजवीकडे फिरतात, टेकऑफला उजवा पाय लागतो. टायगर मॉथ आणि चिपमंकवरचं जिप्सी मेजर उलट फिरतं, तिथे डावा. १७२ वर घडलेला पाय या विमानात चुकीच्याच बाजूने मदत करतो. थ्रॉटल सावकाश, पाच सेकंद मोजत.

रोटॅक्स ९१२ (हलक्या विमानांचं इंजिन): तेल बघण्याआधी इग्निशन बंद, प्रॉप फिरण्याच्या दिशेनेच हाताने फिरवायचा, टाकीत गुडगुड ऐकू आली की मग काडी. उलटा फिरवू नका. मॅग ४००० ला, घट ३०० च्या आत, फरक ११५. टेकऑफच्या आधी तेल ५०° सेल्सिअस. ५८०० आरपीएम पाचच मिनिटं, मग ५५००. लायकमिंगच्या (वरच्या सेसना-पाइपरच्या इंजिनाच्या) कानाला ४००० आरपीएमचा आवाज 'फार' वाटतो आणि लोक नकळत थ्रॉटल मागे घेतात. कानावर जाऊ नका.

स्वैर फिरणारं पुढचं चाक (डीए४०, सिरस): जमिनीवर वळायचं ते एका बाजूच्या ब्रेकने. सतत ब्रेक घासत टॅक्सी केली तर ब्रेक तापतात. थोडी गती येऊ द्या, ब्रेक टोचून सोडा. डीए४० एनजी जेट ए-१ पितं, साधं डीए४० ॲव्हगॅस. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. इंधन भरताना टँकरवरचं नाव वाचायचं काम तुमचं.

सिरसमध्ये इंजिन गेलं की आधी पॅराशूट की ग्लाइड हे ठरवायचं. जुन्या एसआर२२ ला पॅराशूट १३३ नॉटपर्यंत दाखवलेलं आहे, नव्या पिढ्यांना १४०. त्याची पिन टॅक्सीच्या आधी काढली का, हे १७२ वरून आलेल्या माणसाच्या चेकलिस्टीत नसतं.

पतंगदोरी

छान चाललंय. आता दोन महिन्यांनी परतल्यावरचा पहिला तास कसा घालवायचा तेवढं कुणीतरी सांगा. सलग सर्किट (धावपट्टीभोवती फेरी आणि लँडिंग) मारायचे का?

तीनहिरवे

सर्किटने सुरुवात नको. जे कच्चं आहे ते जमिनीजवळ तपासायचं कशाला? माझा क्रम असा.

जमिनीवर २० मिनिटं, इंजिन बंद. डोळे मिटून हात लावा: मिक्स्चर, कार्ब हीट, फ्लॅप, ट्रिम, इंधनाची कळ, पंप. काही जुन्या चेरोकींत ट्रिमचा हँडल छतावर आहे, आणि कोणत्या दिशेला फिरवल्यावर नाक वर जातं ते तिथेच बघून घ्या. मग धावपट्टीकडे तोंड करून उभं असताना नाक आणि क्षितिज यांची जागा नीट बघा. टेकताना तेच चित्र हवं असतं. आर्चरमध्ये तुम्ही जमिनीला जास्त जवळ बसलेले असता, सेसनाची उंची डोळ्यात असेल तर फ्लेअर लवकर, उंचावरच होतो.

वर, जमिनीपासून ३००० फुटांवर: सर्किटच्या वेगाने समतल उडताना आरपीएम किती, १०° फ्लॅपने किती, ५०० फूट मिनिटाने उतरताना किती, हे तीन आकडे लिहून घ्या. पुस्तिकेत ते मिळत नाहीत. मग संथ उड्डाण, फ्लॅपशिवाय आणि पूर्ण फ्लॅपने. स्टॉल दोन्ही प्रकारे. मग थ्रॉटल मागे, ग्लाइडचा वेग, आणि एक १८०° वळण: किती फूट गेले ते बघा.

शेवटी सर्किट, चारच, पण चारही वेगळे. पहिला पूर्ण फ्लॅपने. दुसरा ५० फुटांवरून गो-अराउंड. तिसरा फ्लॅपशिवाय. चौथा आखूड धावपट्टी धरून, ठरवलेल्या खुणेवर. आर्चरमध्ये गो-अराउंडला फ्लॅपचा लिव्हर घट्ट धरून एकेक खाच खाली करा. कळ दाबून हात सुटला की सगळा फ्लॅप एकदम जातो आणि विमान खाली बसतं.

आणि आर्चरचं पुढचं चाक रडरशी थेट जोडलेलं आहे. आडव्या वाऱ्यात रडर दाबूनच नाक खाली सोडलं तर चाक तिरकं टेकतं. चाक टेकायच्या आत पाय मध्यावर. १७२ मध्ये स्प्रिंग मध्ये असल्याने हे चालून जातं, म्हणून सवय लागत नाही.

हवाबाण

मला वाटतं वेगवेगळी विमानं उडवल्याने उलट माणूस तयार होतो. एकाच विमानावर राहणारा आळसावतो.

नियमपुस्तक

महिन्याला १५ तास असतील तर खरं आहे. तीन तास असतील तर तीन विमानं म्हणजे प्रत्येकी एक तास, आणि तो तासही रन-अप (टेकऑफआधीची इंजिन तपासणी), टॅक्सी धरून. माझं मत: महिन्याला चार तासांच्या आत असाल तर एक विमान मुख्य धरा, दुसरं जोडीला, तिसरं फक्त इन्स्ट्रक्टरबरोबर. मुख्य विमानावर ६० दिवस, जोडीच्या विमानावर ४५. उलटं वाटेल, पण कमी उडवलेल्या विमानाची मुदत लहान हवी. मुदत उलटली की प्रवासी नाहीत, आधी वरचा तास. आणि एका दिवसात दोन विमानं उडवायचीच असतील तर मधे अर्धा तास आणि नवं कार्ड हातात.

काचकाटा

४५ फार कडक वाटतं. साधी, फ्लॅप-पंप सारखे असलेली विमानं असतील तर ९० चालेल. मिटणारी चाकं, टेलव्हील किंवा वेगळा जीपीएस असेल तर ३०.

नियमपुस्तक

फरकावर मुदत ठरवायची, हे माझ्यापेक्षा बरं सुचवलंत.

कार्बहीट

वजनाचंही कार्ड वेगळं करा. १७२ चा संदर्भबिंदू (जिथून अंतरं मोजतात तो) फायरवॉलवर, आर्चरचा पंखाच्या पुढे ७८.४ इंच. १७२एसचा वजनाचा मध्य ३५ ते ४७.३ इंचांत येतो, आर्चरचा ८२ ते ९३ मध्ये. १७२ च्या तक्त्यात ८८ आला तर चूक लगेच दिसते. पण एका आर्चरचं रिकामं वजन दुसऱ्याच्या तक्त्यात भरलं तर उत्तर बरोबरच वाटतं. नोंदणी क्रमांक जुळवा. आणि जुन्या विमानांत वेगाचा काटा ताशी मैलांत असू शकतो: त्यावर '६५' म्हणजे ५६ नॉट.

पतंगदोरी

शेवटचा प्रश्न. आर्चरमध्ये रन-अप कोणत्या टाकीवर, आणि टेकऑफच्या आधी जास्त भरलेल्या टाकीवर बदलायचं का?

ट्रिमचाक

सुरू करा कमी भरलेल्या टाकीवर, टॅक्सी त्यावर. रन-अपच्या आधी जास्त भरलेल्या टाकीवर या, पंप चालू, दाबाचा काटा हिरव्यात. रन-अप पूर्ण त्याच टाकीवर आणि टेकऑफही तिच्यावरच. त्यामुळे दोन्ही टाक्यांतून इंधन येतंय हे जमिनीवरच कळतं. रन-अपनंतर कळीला हात लावायचा नाही. नळीत आणि कार्बुरेटरच्या वाटीत उरलेलं इंधन थोडा वेळ पुरतं, आणि कळ अर्धवट बसली असेल तर ते नेमकं धावपट्टी संपल्यावर संपतं. १००० फुटांवर पंप बंद करताना दाबाच्या काट्यावर नजर, पडला तर पुन्हा चालू आणि परत फिरा.